युद्धसंग्रहालयांतील स्त्रीपर्व

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवांपर्यंतचें अहमदनगर, येथें रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. १९९४ सालीं तें स्थापन झालें, आणि निरनिराळ्या देशांचे सुमारें पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या तेथें ओळीनें मांडून ठेविलेल्या आहेत. सुटीच्या दिवसांत पुण्यामुंबईकडील कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें जातात. आम्हीहि मुलांना घेऊन गेलों होतों. १९६५ च्या युद्धांत प्रसिद्धि पावलेल्या पॅटन रणगाड्यापाशीं उभे राहून त्याचें वजन सुमारें ४५ टन, तोफ ९० मिलिमीटरची, इत्यादि माहिती आम्ही मोठ्या उत्साहानें देत असतां बरोबरच्या आठ वर्षांच्या मुलीनें त्याच्या पोलादी अंगावर हात ठेवून विचारलें, "ह्याच्या आंत माणसें होतीं का?" होतीं, असें आम्ही सांगितलें. "मग तीं कोठें गेलीं?" ह्या प्रश्नाला आम्हीं उत्तर देण्यापूर्वींच तिच्या अकरा वर्षांच्या भावानें "मेलीं असतील, दुसरें काय!" असा निकाल दिला आणि तो पुढच्या रणगाड्याकडे धांवला. आम्ही मोठीं माणसें हंसलों.

त्या हंसण्याची आम्हांस मागाहून लाज वाटली, आणि प्रस्तुत लेखाचें कारण तीच लाज होय. मुलीनें प्रश्न विचारला व मुलानें निकाल दिला, एवढ्यावरून स्त्रीचें हृदय उपजत कोमल आणि पुरुषाचें उपजत कठोर, असा सिद्धांत काढण्याचा मोह आम्हांस नाहीं. त्याच मुलीनें परततांना खेळण्यांच्या दुकानांतील पिस्तुलासाठीं रडून गोंधळ घातला होता. प्रश्न मुलांच्या स्वभावाचा नसून मांडणीचा आहे. जगांतील बहुतेक युद्धसंग्रहालयांत हिंसेचीं साधनें असतात, हिंसा मात्र नसते. तरवार असते, पण ती घासूनपुसून लख्ख केलेली. तोफ असते, पण तिला रंग दिलेला. गणवेष असतो, पण तो धुऊन, इस्त्री करून, लांकडी पुतळ्याच्या अंगावर चढविलेला. कोणतीहि वस्तु स्नान केल्यावांचून त्या मंदिरांत शिरूंच शकत नाहीं.

संस्कृत व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर कर्ता आणि करण हीं दोन कारकें तेथें सर्वत्र झळकत असतात. वीर कोण, व शस्त्र कोणतें, हें पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें. परंतु 'मारणें' हें क्रियापद सकर्मक आहे, आणि त्याचें कर्म तेथें गाळलेलें असतें. आणि स्त्री? तिला जागा मिळालीच तर ती संप्रदानाची. वाट पाहणारी माता, ओवाळणारी पत्नी, राखी पाठविणारी बहीण; हिच्यासाठीं, हिच्या अब्रूसाठीं, हिच्या चुलीसाठीं युद्ध झालें. तें हिच्यासाठीं झालें हें सांगावयाचें, आणि त्यांत हिचें काय झालें हें मात्र सांगावयाचें नाहीं! ह्या दोन गोष्टी, म्हणजे मारलेल्या देहाचें गाळणें आणि स्त्रीला केवळ निमित्त म्हणून उभी करणें, ह्या एकाच संवयीच्या दोन बाजू आहेत असें आमचें मत आहे. तसें असेल तर विचारावयाचें तें हेंच कीं, ह्या गाळण्याला आपण सभ्यता म्हणावें कीं अपराधांतील भागीदारी?

ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमचें उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे, आणि तें अशाकरितां कीं, तेथें स्त्रियांचा विसर पडला असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. पहिलें महायुद्ध चालू असतांनाच, जय कोणाचा होणार हें ठरलें नसतांना, मार्च १९१७ मध्यें ब्रिटिश मंत्रिमंडळानें ह्या संग्रहालयास संमति दिली. सर आल्फ्रेड मॉंड हे त्याचे पुरस्कर्ते. त्याच वर्षीं स्त्रियांच्या कार्याचा संग्रह करण्यासाठीं एक स्वतंत्र उपसमिति नेमण्यांत आली. लेडी नॉर्मन ह्या तिच्या अध्यक्षा व अॅग्नेस कॉन्वे ह्या चिटणीस. ह्या बायांनीं विलक्षण चिकाटीनें काम केलें. पत्रें, बिल्ले, गणवेष, छायाचित्रें, मृत परिचारिकांच्या नोंदी असें जें जें मिळालें तें त्यांनीं गोळा केलें. १९१८ च्या शरद्‌ऋतूंत व्हाइटचॅपेल येथें त्याचें प्रदर्शन भरविलें. १९१९ च्या आरंभीं ऑलिव्ह एडिस नांवाच्या छायाचित्रकार स्त्रीला फ्रान्स आणि बेल्जममध्यें पाठवून तेथील स्त्रीपथकांचीं छायाचित्रें काढविलीं. जून १९२० मध्यें क्रिस्टल पॅलेस येथें पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्तें संग्रहालय उघडलें गेलें त्या वेळीं मॉंडसाहेबांनीं, हें लष्करी वैभवाचें स्मारक नसून कष्टांची व त्यागाची नोंद आहे, अशा अर्थाचें विधान केलें होतें. उद्देश उदात्त होता, आणि त्यांत स्त्रीचा वांटा प्रथमपासून धरलेला होता.

पण वांटा कशांतला? कारखान्यांत तोफेचे गोळे भरणारी तरुणी, रुग्णवाहिका चालविणारी, शेत नांगरणारी, ट्रॅमचें तिकीट फाडणारी. स्फोटक द्रव्यानें ज्यांची कातडी पिवळी पडली त्या मुलींना लोक कौतुकानें 'कॅनरी' पक्ष्यांचें नांव देत. बाईनें गोळा भरला हें छायाचित्रांत दिसतें. तो कोठें जाऊन पडला आणि तेथें कोण होतें, हें दिसत नाहीं. म्हणजे स्त्रीला प्रवेश मिळाला तो घराचे जुने नियम मान्य करून मिळाला. आम्ही त्या समितीला दोष देत नाहीं. १९१७ सालीं इंग्लंडांतील स्त्रीला पार्लमेंटच्या निवडणुकींत मत नव्हतें. १९१८ त मिळालें तेंहि तिशी उलटलेल्या व कांहीं मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच. "आम्हीहि राबलों, आम्हीहि मेलों" एवढें सिद्ध करणें हीच त्या वेळची निकड होती. ज्याला दारांत उभें राहण्याची परवानगी नुकतीच मिळाली आहे तो घराच्या मांडणीवर टीका करीत नाहीं.

१९३६ सालीं हें संग्रहालय लॅंबेथ रोडवरील ज्या इमारतींत गेलें ती पूर्वीं बेथलेम नांवाचें वेड्यांचें इस्पितळ होती. १९३० पर्यंत तेथें वेडे राहत असत. आज दारापुढें युद्धनौकांवरच्या १५ इंची दोन प्रचंड तोफा उभ्या आहेत. ह्या योगायोगावर विनोद करणें सोपें आहे, म्हणून तो आम्ही करीत नाहीं. परंतु त्याच महायुद्धांतील एक वैद्यकीय गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. खंदकांतून परतलेले धडधाकट सैनिक थरथर कांपूं लागले, मुके झाले, चालण्याची शक्ति गमावून बसले. हीं लक्षणें डॉक्टरांना अपरिचित नव्हतीं. बायकांत आढळलीं कीं त्यांना ते 'हिस्टेरिया' म्हणत, आणि तो शब्दच मुळीं गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून आलेला. पण राजाच्या सैनिकाला बायकी रोग जडला असें कसें म्हणावें? १९१५ सालीं चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरानें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत 'शेल-शॉक' हा शब्द छापला आणि तो पाहतां पाहतां रूढ झाला. गोळ्याचा धक्का! दोष पुरुषाच्या मनाकडून उचलून तोफेच्या गोळ्याकडे दिला गेला. मायर्सला स्वतःला तो शब्द पुढें अपुरा वाटूं लागला, पण लोकांना तो हवा होता. युद्धाची हिंसा झांकण्याची गरज स्त्रीच्या अब्रूपुरती नसते. पुरुषाच्या पुरुषत्वालाहि तिची तितकीच गरज असते, हें ह्या एका शब्दावरून दिसून येतें.

बर्लिनमध्यें ह्याच्या उलट एक प्रयोग झाला, आणि त्याचा शेवट काय झाला हें पाहण्यासारखें आहे. एर्न्स्ट फ्रीड्रिख नांवाच्या युद्धविरोधी गृहस्थानें १९२४ सालीं 'युद्धाविरुद्ध युद्ध' अशा अर्थाच्या नांवाचें एक पुस्तक चार भाषांत छापलें, आणि १९२५ त एक लहानसें युद्धविरोधी संग्रहालय उघडलें. पुस्तकाचा आरंभ मुलांच्या खेळण्यांतील शिशाच्या शिपायांपासून होतो; शेवटाकडे इस्पितळांतील जिवंत सैनिकांचीं छायाचित्रें येतात. जबडा नाहीं, नाक नाहीं, डोळ्याच्या जागीं शिवण. तरुणपणीं गणवेषांत रुबाबदार दिसलेला हाच तो वीर, आणि ह्याला आतां नळीनें अन्न घालावें लागतें. तीं पानें उलटतांना मनुष्य प्रथम दृष्टि वळवितो आणि मग आपण दृष्टि कां वळविली असा विचार करूं लागतो. पुरुषाचा देहहि फुटतो, शिवला जातो, दुसऱ्याच्या हातून भरविला जातो. जखमी सैनिकाचें हें परावलंबन आपल्या वीरकल्पनेंत बसत नाहीं, म्हणून आपण त्याचा लांकडी पाय दाखवितों, पण जबडा दाखवीत नाहीं. १९३३ सालीं नाझींच्या वादळी पथकांनीं तें संग्रहालय ताब्यांत घेतलें व तेथें आपला अड्डा केला. चित्रांना उत्तर देतां येत नाहीं तेव्हां भिंतीच बळकावाव्या लागतात. १९८२ सालीं फ्रीड्रिखच्या नातवानें त्याच शहरांत तें संग्रहालय पुन्हां उघडलें.

आतां तोकियोकडे वळूं. तेथील यासुकुनी देवस्थानाच्या आवारांत युशुकान नांवाचें युद्धसंग्रहालय आहे. १८८२ सालीं स्थापन झालेलें हें संग्रहालय आशियांतील जुन्या युद्धसंग्रहालयांपैकीं एक असून त्यांत दुसऱ्या महायुद्धांतील झीरो विमान आहे, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरचें एक एंजिन आहे, माणसासह जाऊन फुटणारा पाणतीर आहे. परंतु आमच्या विचारांत घर करून राहिल्या आहेत त्या तेथील बाहुल्या. जे तरुण अविवाहित स्थितींत रणांगणावर मेले त्यांच्या आत्म्यांसाठीं त्यांच्या मातांनीं व आप्तांनीं नववधूंच्या बाहुल्या अर्पण केल्या आहेत. कांचेच्या पेटींत वधूवेषांतली बाहुली, आणि बरोबर मुलाचें छायाचित्र. मुलगा लढाईंत गेला, त्याचें लग्न राहून गेलें, आणि म्हातारपणीं आईनें परलोकांत त्याला सोबत पाठविली! ज्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाहीं अशा मनुष्याशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. आपल्याकडे अविवाहित मुलगा गेला म्हणजे रुईशीं लग्न लावण्याची चाल कांहीं ठिकाणीं होती. तेव्हां आपल्याला तें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं.

पण त्याच संग्रहालयांत ज्या स्त्रियांना जागा नाहीं त्या कोण, हें विचारल्यावांचून ती बाहुली पाहणें आतां आम्हांस शक्य होत नाहीं. १९३० नंतरच्या युद्धांत जपानी सैन्यानें जेथें जेथें तळ दिला तेथें तेथें सैनिकांसाठीं स्त्रिया ठेवलेलीं 'सांत्वनगृहें' स्थापन केलीं. कोरिया, चीन, फॉर्मोसा, फिलिपाइन्स, इंडोनेशिया येथील मुली फसवून अथवा बळजबरीनें तेथें नेण्यांत आल्या. त्यांचें सरकारी नांव 'सांत्वन देणाऱ्या स्त्रिया'! ह्या शब्दांतहि पुन्हां तें संप्रदानच आलें. स्त्री कोणासाठीं, एवढेंच शब्द सांगतो. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, ऑगस्ट १९९१ मध्यें, किम हाक-सून ह्या कोरियन वृद्धेनें आपलें नांव व चेहरा न लपवितां, "मी त्यांपैकीं एक" असें जाहीरपणें सांगितलें. तिच्यामागून इतर देशांतील स्त्रिया बोलूं लागल्या. १९९३ सालीं जपान सरकारनें सैन्याचा त्यांत संबंध होता असें मान्य केलें. मातसुई यायोरी नांवाच्या जपानी पत्रकार स्त्रीनें इतर स्त्रियांच्या साह्यानें डिसेंबर २००० मध्यें तोकियोंत एक लोकन्यायालय भरविलें, आणि २००२ सालीं मरतांना आपली मिळकत एका संग्रहालयासाठीं ठेविली. तें संग्रहालय ऑगस्ट २००५ मध्यें वासेदा भागांत उघडलें. त्याला आवार नाहीं, विमान नाहीं, तोफ नाहीं. दाराशींच त्या स्त्रियांच्या चेहऱ्यांचीं छायाचित्रें आहेत, बहुतेक वृद्ध चेहरे. आणि आंत आहेत तीं त्यांचीं निवेदनें, नकाशे व कागदपत्रें.

एकाच शहरांत कांचेआडची वधू आहे, आणि जिला वधू होण्याची संधीच नाकारली गेली तिचा सुरकुतलेला चेहराहि आहे. ज्या मुलांसाठीं बाहुल्या अर्पण झाल्या त्यांपैकीं कोणी त्या गृहाच्या दारांत उभा राहिला असेल. कोणी राहिला नसेलहि. आईला हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु देशाला ठाऊक आहे, आणि देशाच्या वतीनें जो मांडणी करतो त्याला आईच्या अज्ञानाचा आडोसा घेण्याचा अधिकार नाहीं. आईचें दुःख खरें आहे म्हणूनच त्याचा पडद्यासारखा उपयोग करणें आम्हांस विशेष गर्ह्य वाटतें.

आतां एक आक्षेप. कित्येक विचारी माणसें म्हणतील कीं, ज्या स्त्रीवर बलात्कार झाला तिची कथा कपाटांत मांडणें म्हणजे तिला दुसऱ्यांदां उघडें करणें होय. शिवाय अशा ठिकाणीं मुलेंबाळें येतात. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं, आणि त्याचें बळ सर्वांत अधिक जाणवतें तें ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाचा विचार करितांना. १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानी सैन्य व त्याचे साथीदार ह्यांनीं बंगाली स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांचा आंकडा दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत सांगितला जातो. त्याविषयीं वाद आहेत, आणि आंकड्यांचा वाद हाहि पुष्कळदां न पाहण्याचाच एक मार्ग असतो. युद्ध संपतांच, डिसेंबर १९७१ मध्यें, नव्या सरकारनें ह्या स्त्रियांना एक पदवी दिली: वीरांगना. हा शब्द आपलाहि आहे. मराठी मनुष्य तो उच्चारतो तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें घोड्यावरची झांशीची राणी उभी राहते. हेतु असा कीं, ह्या स्त्रियांना कलंकिता न समजतां समाजानें सन्मानानें घरांत घ्यावें. हेतूच्या शुद्धतेबद्दल आम्हांस शंका नाहीं. पण झालें काय? बंगालींत त्या शब्दाचा एक स्वर बदलून लोकांनीं 'बारांगना' केलें. मराठी वाचकाला ह्याचा अर्थ सांगावयास नको. आपल्याकडेहि वीरांगना आणि वारांगना ह्यांत एका वेलांटीचेंच अंतर आहे. पदवी मिळाली, आणि त्या पदवीनेंच स्त्री ओळखली जाऊं लागली. गांवांत जी गोष्ट कुजबुजीनें चालली होती तिला सरकारी शिक्का मिळाला.

त्या काळचें नायबुद्दीन अहमद ह्यांनीं घेतलेलें एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. एका स्त्रीचे मोकळे केस तिच्या चेहऱ्यावर पसरले आहेत आणि दोन्ही मुठी तिनें त्यांवर धरल्या आहेत. चेहरा दिसत नाहीं. कित्येक पुस्तकांतून व प्रदर्शनांतून तें मांडलें गेलें आहे. बघणारा म्हणतो, पहा, सभ्यता पाळली, तोंड दाखविलें नाहीं. परंतु त्या चित्रापुढें उभें राहिल्यास दुसरेंच कांहीं जाणवतें: तोंड झांकणें हें तिचें कृत्य आहे, आणि तें झांकलेलें तोंड सर्वांपुढें ठेवणें हें आपलें. तिच्या वतीनें आपण लाज जाहीर केली. ज्यानें गुन्हा केला त्याचें छायाचित्र त्या चौकटींत नाहींच. सैनिक कोठें आहे? तो तोफांच्या दालनांत, इस्त्रीच्या गणवेषांत उभा आहे.

ह्याच्या शेजारीं फिरदौसी प्रियभाषिणी ह्यांचें चरित्र ठेवून पहावें. १९७१ त त्या तरुण होत्या. त्यांनीं तें सर्व भोगलें. आणि गेल्या शतकाच्या अखेरीस आपलें नांव सांगून त्या उघडपणें बोलल्या. त्या शिल्पकार होत्या. झाडाच्या वाळक्या फांद्या, वाहून आलेले ओंडके, लोकांनीं टाकून दिलेलें लांकूड ह्यांतून त्या आकृति घडवीत. २०१८ सालीं त्या वारल्या. दरम्यान, २०१५ पासून, सरकारनें कांहीं वीरांगनांची नोंद मुक्तियोद्धे म्हणून करण्यास सुरुवात केली. वेतन मिळूं लागलें, परंतु त्याला चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं. केसांआडची अनामिक स्त्री आणि मोठें लाल कुंकू लावून सभेंत बोलणाऱ्या प्रियभाषिणी, ह्या दोघींची कथा एकच आहे. परंतु पहिलीला दुसऱ्यानें दाखविलें आहे, दुसरी स्वतः सांगते आहे. आमच्या मतें आक्षेपाचें खरें उत्तर ह्या भेदांत आहे. प्रश्न दाखवावें कीं न दाखवावें असा नसून, बोलणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, असा आहे. वासेद्याच्या दाराशीं देह नाहींत, चेहरे आहेत. ते आपल्याकडे पाहतात.

तेथेंहि एक फसवी जागा आहे, ती सांगितली पाहिजे. १४ डिसेंबर २०११ रोजीं सेऊल शहरांत, जपानी वकिलातीसमोर, ह्या स्त्रियांच्या स्मरणार्थ एक पुतळा बसविण्यांत आला. कोरियन पोशाखांतील अनवाणी मुलगी खुर्चीवर बसली आहे, मुठी आवळलेल्या, शेजारीं एक खुर्ची रिकामी. रिकाम्या खुर्चीवर कोणीहि जाऊन बसावें, ही कल्पना सुंदर आहे. पण मुलगी अल्लड, निष्पाप, कुमारिका अशीच कां दाखवावी लागली? त्या गृहांत नेलेल्या जपानी स्त्रियांत पूर्वींच्या परवानाधारक वेश्याहि होत्या. त्यांच्यावर जें गुदरलें तें कमी होतें काय? सहानुभूतीसाठीं आपण कौमार्याचा दाखला मागतों तेव्हां वीरांगना आणि वारांगना ही जुनी विभागणी आपण मागील दारानें पुन्हां घरांत घेतों. ज्या तर्कानें शत्रूची स्त्री भ्रष्ट केली म्हणजे शत्रु जिंकला असें सैनिकास वाटतें, त्याच तर्कानें आपली स्त्री शुद्ध होती म्हणून ती आपल्या अश्रूंस पात्र, असें आपणांस वाटतें. अब्रू स्त्रीच्या देहांत ठेवलेली राष्ट्राची ठेव आहे, ही कल्पना दोघांनाहि मान्य आहे!

मुलांच्या हजेरीविषयीं म्हणावयाचें तर, आपण महाराष्ट्रीयांनीं हा आक्षेप फार ताणूं नये. द्रौपदीवस्त्रहरण आपल्याकडे कीर्तनकार देवळांत, लहानथोरांसमोर, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, आणि त्यानें कोणाचीं मुलें बिघडलीं असें ऐकिवांत नाहीं. मात्र कीर्तनांत कृष्ण धांवून येतो व वस्त्र पुरवितो, आणि श्रोते सुटकेचा निःश्वास टाकून घरीं जातात. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तींत सभापर्वाचें संपादन एजर्टन ह्या अमेरिकन पंडितानें १९४४ सालीं केलें. त्यांत द्रौपदीचा कृष्णधांवा मूळ संहितेंत घेतलेला नाहीं. वस्त्रें येतात, पण कृष्णाची हांक मागाहूनची ठरते. राहतो तो द्रौपदीचा प्रश्न: जो स्वतःला आधींच हरला होता त्याला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? भर सभेंत ती रडते हें खरें, पण त्याहून अधिक ती विचारते, आणि भीष्मासारख्याला उत्तर सुचत नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, व्यासांनीं त्या प्रसंगांत द्रौपदीला प्रेक्षणीय वस्तु होऊं दिली नाहीं. प्रेक्षणीय झाले ते खालीं मान घालून बसलेले वडीलधारे.

आणि युद्ध संपल्यावर त्याच ग्रंथांत एक अख्खें पर्व स्त्रियांचें आहे. आमच्या समजुतीनें जगांतील पहिलें युद्धसंग्रहालय तेंच. अठरा दिवसांची लढाई आटोपली, आणि कुरुक्षेत्र दाखविण्याचें काम व्यासांनीं कोणा सेनापतीकडे दिलें नाहीं, गांधारीकडे दिलें. जिनें जन्मभर डोळे बांधून घेतले तिला दिव्यदृष्टि दिली, आणि ती कृष्णाला एक एक प्रेत दाखवीत चालली: हा माझा मुलगा, हा तुझा भाचा, कोल्हे काय करीत आहेत तें पहा, ही सून कोणाचें शिर शोधीत आहे तें पहा. दोन्ही पक्षांचीं प्रेतें ती दाखविते. भूरिश्रव्याची पत्नी त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसली आहे, आणि त्या हातानें काय काय केलें तें आठवते आहे: ह्यानें शूरांना मारलें, ह्यानें गाई दान दिल्या, ह्यानेंच शृंगार केला. कोणत्याहि संग्रहालयाची पाटी एका हाताविषयीं इतकें सांगूं शकत नाहीं. तरवारीची लांबी सांगून आपण थांबतों. ती स्त्री तरवार धरणाऱ्या हाताचा सगळा हिशेब मांडते, आणि त्यांतून प्रेमहि वगळीत नाहीं, हिंसाहि वगळीत नाहीं.

कोणी म्हणेल, मग स्त्रियांच्या हातांत बंदुका द्या आणि त्यांचेहि पुतळे उभारा, म्हणजे समता झाली. दुसऱ्या महायुद्धांत रशियन सैन्यांत लाखों स्त्रिया होत्या. त्यांत निशाणबाज होत्या, रात्रीं बाँब टाकणाऱ्या वैमानिक होत्या. त्यांचें शौर्य नाकारण्याचें कारण नाहीं. पण २००४ सालीं इराकमधील अबू घरैब तुरुंगांतील जीं छायाचित्रें जगापुढें आलीं त्यांत नग्न कैद्यांची विटंबना करून हंसणाऱ्यांत अमेरिकन स्त्रीसैनिकहि होत्या. गणवेषांत शिरलेली स्त्री त्या गणवेषाचे गुण घेते तसे दोषहि घेते. पुतळ्याचें लिंग बदलल्यानें गाळलेलें कर्म परत येत नाहीं.

लंडनचें संग्रहालय मात्र, उशिरां कां होईना, एक पाऊल पुढें गेलें आहे. २०२५ सालीं मे पासून नोव्हेंबरपर्यंत तेथें युद्धांतील लैंगिक अत्याचार ह्याच विषयाला वाहिलेलें एक प्रदर्शन भरलें होतें. लेडी नॉर्मन ह्यांची समिति नेमली गेल्यास त्या वेळीं १०८ वर्षें झालीं होतीं. प्रदर्शन कांहीं महिन्यांचें आणि तोफा कायमच्या, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

आमच्याकडील ती मुलगी दिवाळीच्या सुटींत पुन्हां येणार आहे. तिच्या प्रश्नाचें उत्तर अद्याप दिलेलें नाहीं, आणि ती तो विसरलेली नाहीं, असें तिच्या पत्रावरून दिसतें. ह्या खेपेस तिला गांधारीची गोष्ट सांगावी असा आमचा विचार आहे. त्यावरून घरांत वाद चालला आहे: तिची आजी म्हणते, सांगा, आणि भावालाहि जवळ बसवा, तिची आई म्हणते, अजून दोन वर्षें जाऊं द्या.